थोमा आला कुणाच्या गलबतातून?

नाशिकच्या पांडवलेण्यांत पांडव कुठेच नाहीत. भिंतींवरचे ब्राह्मी लेख वाचले तर नहपानाचा जावई उषवदात भेटतो, गौतमी बलश्री भेटते, ज्यांच्याकडे तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली त्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणी भेटतात. कान्हेरीला जावे तर कल्याणचे सोनार आणि लोहार दाते म्हणून हजर. एवढी नावे दगडात कोरूनही फायदा झाला नाही. लोकांनी लेणी पांडवांना देऊन टाकली. पैसे मोजणारा सावकार कुणाच्या लक्षात राहणार? भीम मात्र एका रात्रीत डोंगर पोखरतो.

ख्रिस्ती धर्म पूर्वेच्या दूरदेशी पहिल्यांदा कसा पोचला, याच्या आख्यायिका वाचताना मला सारखी पांडवलेणी आठवतात. केरळ, कोकण, काश्मीर, चीन, मंगोलिया, जपान असा या कथांचा पसारा आहे. सगळ्यांची खोड मात्र एकच: धर्म घेऊन येणारा माणूस साधासुधा चालत नाही. येशूच्या बारा शिष्यांपैकी एखादा तरी हवा, आणि जमलेच तर खुद्द येशू. उलट जिथे जिथे दगड, ताम्रपट किंवा विश्वासार्ह पत्र हाती लागते, तिथे दुसराच कुणी उभा असतो. इराणच्या आखातातून गलबत हाकत आलेला, सिरियाक भाषेत प्रार्थना म्हणणारा, पेहलवीत सही करणारा व्यापारी, आणि त्याच्या मागोमाग त्याचा धर्मगुरू. या आढाव्यात मी त्या व्यापाऱ्याची बाजू घेणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सर्वांत जुनी आणि सर्वांत मातब्बर कथा थोमाची. ‘थोमाची कृत्ये’ हा ग्रंथ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला एडेसा शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फा येथे, सिरियाक भाषेत लिहिला गेला असे मानतात. जग वाटून घेण्यासाठी शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, थोमाच्या वाट्याला भारत आला, आणि हा पठ्ठ्या ‘मी जाणार नाही’ म्हणून अडून बसला. तेव्हा येशूने त्याला चक्क विकून टाकले. विकत घेणारा हब्बान नावाचा व्यापारी, जो गुदनफर राजासाठी सुतार शोधत फिरत होता. थोमा आला, राजाने महाल बांधायला पैसे दिले, थोमाने ते गोरगरिबांना वाटले. महाल कुठे आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, स्वर्गात बांधून तयार आहे. राजा संतापला. तेवढ्यात राजाचा भाऊ गाद मेला, वर जाऊन त्याने तो महाल डोळ्यांनी पाहिला, आणि परत येऊन साक्ष दिली.

या कथेत प्रेषितही हब्बानच्या मालाबरोबर येतो. पुढे चौथ्या शतकात एडेसाचा संतकवी एफ्रेम थोमाच्या अस्थींचे गुणगान करतो, तेव्हा त्या भारतातून एडेसात आणल्या त्याही एका व्यापाऱ्यानेच. जाणे व्यापाऱ्याबरोबर, येणेही व्यापाऱ्याबरोबर. मधल्या प्रवासाबद्दल मात्र नंतरच्या भक्तांना काडीचीही उत्सुकता नाही.

या कथेला इतिहासकारांनी बरीच शतके परीकथेच्या फडताळात ठेवले होते. गुदनफर नावाचा राजा कुणाला ठाऊकच नव्हता. १८३० नंतर चार्ल्स मॅसनसारख्या हौशी लोकांनी अफगाणिस्तानात आणि पंजाबात नाणी गोळा केली आणि त्यांवर गोंडोफारेस हे नाव उमटलेले निघाले. तख्त-इ-बाहीच्या शिलालेखात त्याचे सव्विसावे राज्यवर्ष आणि एका संवताचे १०३ वे वर्ष दिलेले आहे. तो विक्रम संवत धरला तर इ.स. ४६ च्या आसपासचा काळ येतो. म्हणजे थोमाच्या हयातीतला, वायव्य सरहद्दीवर राज्य करणारा खराखुरा पार्थियन राजा! श्रद्धावंतांना आनंद होणे साहजिक होते. पण यातून सिद्ध काय होते? एडेसात बसून लिहिणाऱ्याला दोनशे वर्षांपूर्वीच्या गांधारच्या राजाचे नाव माहीत होते, एवढेच. ते नाव त्याच्यापर्यंत कसे पोचले, याचे उत्तर पुन्हा हब्बानच्या जातीच्या लोकांकडे जाते.

केरळची थोमाकथा या ग्रंथाशी फारशी जुळत नाही. तिथला थोमा इ.स. ५२ साली कोडुंगल्लूरजवळ समुद्रमार्गे उतरतो, ‘साडेसात’ चर्च स्थापन करतो, आणि इ.स. ७२ साली मैलापूरला भाल्याच्या घावाने मरतो. गांधार नाही, गुदनफरही नावापुरता. ‘रंबान पाट्टु’ आणि मार्गमकळीच्या गाण्यांतून ही परंपरा चालत आली, आणि आज हाती असलेले तिचे लेखी रूप पोर्तुगीज काळाच्या अलीकडे-पलीकडे घुटमळते. मौखिक परंपरेला कमी लेखायचे कारण नाही. मलबारच्या मुझिरिस बंदरातून रोमन जहाजे मिऱ्याने भरून जात होती. हर्मापोलॉन नावाच्या जहाजावरच्या मालाचा हिशोब मांडणारा दुसऱ्या शतकातला एक पपायरस व्हिएन्नात आहे, आणि पट्टणमच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडचे अँफोरा-कुंभ सापडले आहेत. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाहून मलबारला येणे हे आजच्या मानाने कष्टाचे, पण त्या काळातले नित्याचे काम होते. थोमा येऊ शकला असता. तो आला, असे म्हणायला मात्र पुरावा नाही. एवढ्यावर थांबण्याची सवय आपल्याला नाही, म्हणून वाद.

हा वाद किती नाजूक आहे, ते २००६ मध्ये दिसले. २७ सप्टेंबरच्या प्रवचनात पोप बेनेडिक्ट सोळावे सहज बोलून गेले, की थोमाने आधी सिरिया आणि इराणमध्ये प्रचार केला, मग तो पश्चिम भारतापर्यंत पोचला आणि तिथून ख्रिस्ती धर्म दक्षिण भारतात गेला. पोपसाहेबांनी ‘थोमाची कृत्ये’ डोळ्यांपुढे ठेवली होती, एवढेच. केरळमध्ये गदारोळ झाला. नंतर प्रसिद्ध झालेल्या पाठात त्या वाक्याला मुरड घालण्यात आली. एका दिशादर्शक शब्दावर एवढे का पेटावे? कारण केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजाची सारी प्रतिष्ठा ‘आमचा धर्म गोऱ्यांनी आणलेला नाही, तो रोमच्याही बरोबरीचा आहे’ या वाक्यावर उभी आहे. पोर्तुगिजांपुढे, इंग्रजांपुढे आणि स्वतंत्र भारतात, तीनही वेळा त्यांना ते वाक्य उपयोगी पडले.

त्याच समाजात थोमा नावाचा दुसराही एक पाहुणा आहे. त्याला क्नाय थोमा म्हणतात. परंपरा सांगते, की इ.स. ३४५ मध्ये तो मेसोपोटेमियाकडून बहात्तर कुटुंबे घेऊन आला. हा सरळसरळ व्यापारी. क्नानाया समाज आपला वंश त्याच्यापाशी नेतो. तारीख पुढेमागे सरकवणारे अभ्यासक आहेत, पण अशी स्थलांतरे झाली याबद्दल शंका घ्यायला जागा नाही, कारण इ.स. ८४९ चे कोल्लमचे ताम्रपट डोळ्यांसमोर आहेत. वेणाटचा अय्यन अडिगळ मार सापीर ईशोने बांधलेल्या तरिसापळ्ळी या चर्चला जमीन, माणसे आणि वजनमापे राखण्याचे हक्क देतो. साक्षीदारांच्या सह्या कूफी अरबीत, पेहलवीत आणि ज्यूंच्या हिब्रू लिपीतल्या फारसीत आहेत. मुसलमान, पारशी, ज्यू, ख्रिस्ती सारे एकाच व्यापारी दस्तऐवजावर! मला विचाराल तर मैलापूरच्या भाल्यापेक्षा हे पत्रे जास्त रोमांचकारी आहेत. पण सह्यांच्या यादीचे पेरुन्नाळ, म्हणजे चर्चचा सण, कोण साजरे करणार?

आता आपल्या दाराशी येऊ. चौथ्या शतकाच्या आरंभी युसेबियस लिहितो, की अलेक्झांड्रियाचा विद्वान पँटेनस ‘भारतात’ गेला, तेव्हा तिथे मत्तयाचे शुभवर्तमान हिब्रू अक्षरांत आधीच पोचलेले होते, आणि ते बर्थलमय या प्रेषिताने आणून ठेवले होते. आता हा भारत कोणता? ग्रीक आणि लॅटिन लेखकांचा ‘इंडिया’ हा फार लवचीक शब्द होता. इथिओपियाही इंडिया, येमेनही इंडिया. पण विसाव्या शतकात पेरुमालिल या येशूसंघीय अभ्यासकाने बर्थलमयाला थेट कल्याणच्या खाडीत आणले. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती समाजात ही कल्पना बरीच रुजली. वसईपासून साष्टीपर्यंतच्या मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे आणि कंपनी सरकारची जुनी रयत, हे दाखवण्याची ती खटपट होती. पोर्तुगिजांनी बाप्तिस्मा दिला, ही आठवण मागे ढकलायची तर बर्थलमयासारखा पूर्वज कुणालाही आवडेल. त्यात चुकीचे काही नाही. सोळाव्या शतकातला आगरी, कोळी किंवा भंडारी पूर्वजही तितकाच सन्मानाचा आहे, एवढेच मी म्हणेन.

बर्थलमयाला बाजूला ठेवले, तरी कल्याणकडे पक्का ऐवज आहे. इ.स. ५५० च्या सुमारास कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने, जो पुढे भिक्षू झाला, ‘ख्रिस्ती भूवर्णन’ हा ग्रंथ लिहिला. पृथ्वी गोल नसून पेटीसारखी आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्याने सारा आटापिटा केला. अशा माणसाचे ऐकायचे कशाला, असे कुणी म्हणेल. पण आकाशाबद्दल भलतेसलते लिहिणारा हा गृहस्थ बंदरांबद्दल पक्का हिशोबी आहे. तो सांगतो, की मिरी पिकणाऱ्या ‘माले’ देशात ख्रिस्ती लोक आहेत, श्रीलंकेत इराणी ख्रिस्त्यांचे चर्च आहे, आणि ‘कल्लियाना’ येथे एक बिशप आहे, ज्याची नेमणूक इराणातून होते. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतले कल्लिएना ते हेच, असे मानणारे बरेच आहेत. कुणी तो मान कोल्लमला देतात, तर कुणी उडुपीजवळच्या कल्याणपूरला. आपला कल घराकडे असणार हे मान्य करूनही मला वाटते, की कान्हेरीच्या लेखांत जे गाव एवढ्या वेळा येते, त्याचाच दावा सर्वांत भक्कम आहे.

कल्याणच्या या बिशपचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. पण तो कुणाचा माणूस होता, ते माहीत आहे. रोमन साम्राज्याच्या हद्दीबाहेर, सासानी इराणात वाढलेली ‘पूर्वेची ख्रिस्तसभा’, जिला तिचे विरोधक नेस्टोरियन म्हणत, हीच पूर्वेकडच्या जवळपास सगळ्या अस्सल ख्रिस्ती खुणांची मालकीण आहे. सातव्या शतकात तिचा प्रमुख तिसरा ईशोयाब हा आखातावरच्या रेव-अर्दाशीरच्या मेट्रोपॉलिटनला झापतो, की तुझ्या हलगर्जीपणामुळे भारतातले लोक बिशपांवाचून राहिले. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला बसणारा पहिला तिमथी लिहितो, की आमचे भिक्षू काठी आणि झोळी घेऊन समुद्र ओलांडतात आणि भारतात, चीनमध्ये जातात; तिबेटसाठी मेट्रोपॉलिटन नेमायची तयारी चालली आहे. ही कार्यालयीन पत्रे आहेत. नेमणुका, कुरबुरी, थकलेली वर्गणी असला मजकूर. आख्यायिका त्यातून निघणे अवघडच.

चीनमध्ये हेच दुसऱ्या रंगात दिसते. १६२० च्या दशकात शीआन शहराजवळ एक शिळा सापडली. इ.स. ७८१ ची, कासवाच्या पाठीवर उभी, सुमारे अठराशे चिनी अक्षरे आणि शेजारी सिरियाक नावे. ६३५ मध्ये आलोपेन नावाचा माणूस पुस्तके घेऊन तांग राजधानीत आला, सम्राट ताइझोंगने त्याचे स्वागत केले आणि ६३८ मध्ये या धर्माला परवानगी दिली, असे ती सांगते. युरोपात बातमी पोचताच येशूसंघीयांचे विरोधक म्हणाले, ही त्यांनीच घडवलेली बनावट शिळा. व्हॉल्तेअरनेही तिची टर उडवली. १९०८ मध्ये दुनहुआंगच्या गुहेतून याच पंथाची चिनी हस्तलिखिते बाहेर आली आणि २००६ मध्ये लुओयांगला तांग काळातला आणखी एक ख्रिस्ती स्तंभ मिळाला. बनावटपणाची शंका आता उरलेली नाही. शिळेचा लेखक जिंगजिंग याने प्रज्ञ नावाच्या बौद्ध भिक्षूबरोबर एका बौद्ध सूत्राच्या भाषांतरालाही हात लावला होता, हे बौद्धांच्याच ग्रंथसूचीत नोंदलेले आहे. दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती, आणि सम्राटाने ते काम नापसंत केले.

याच चिनी प्रकरणात माझ्या मुद्द्याचा सर्वांत सुंदर दाखला आहे. सुरुवातीला सरकारी कागदांत या देवळांना ‘इराणी मठ’ म्हणत. ७४५ मध्ये सम्राट श्वानझोंगने हुकूम काढला, की यापुढे त्यांना ‘दाचीन मठ’ म्हणावे. दाचीन म्हणजे दूर पश्चिमेचा रोमन मुलूख, येशूचा जन्म झाला तो प्रदेश. इराणचे राज्य तर एव्हाना अरबांनी बुडवले होते. मधला दलाल पाटीवरून पुसला गेला आणि उगमाचे भारदस्त नाव चढले, तेही सरकारी शिक्क्यानिशी. ८४५ मध्ये वूझोंगने बौद्धांवर वरवंटा फिरवला, त्यात हे मठही चिरडले गेले. पुढे सतराव्या शतकात येशूसंघीयांना मलबारच्या सिरियाक प्रार्थनाग्रंथात ‘थोमाने चिन्यांनाही तारले’ अशा अर्थाचा मजकूर मिळाला, आणि थोमाला चीनपर्यंत नेणारी कथा नव्याने सजली.

पण थोमाचे नाव केवळ भक्तीसाठी घेतले जात नव्हते, ते प्रमाणपत्र म्हणूनही चाले. बीजिंगच्या परिसरात जन्मलेला रब्बान सौमा हा भिक्षू १२८७ मध्ये इराणच्या मंगोल इलखानाचा वकील म्हणून रोमला पोचला. कार्डिनलांनी विचारले, तुमच्या मुलखात कुणी प्रचार केला? तो उत्तरला, मार थोमा, मार अद्दाई आणि मार मारी यांनी. कोणत्या व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर धर्म आला, हे तिथे सांगून चालले नसते. समोर पेत्राच्या गादीचे मालक बसले होते.

गोबीच्या काठच्या केराइत टोळीची धर्मांतराची कथाही अशीच दुपेडी आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी त्यांचा राजा हिमवादळात वाट चुकला, एका संताने दर्शन देऊन त्याला वाचवले. लगेच पुढच्या ओळीत येते, की घरी परतल्यावर राजाने या धर्माची चौकशी तिथल्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांपाशी केली. संत रस्ता दाखवायला, आणि तपशील विचारायला वाणी!

या केराइतांची, मंगोलांची आणि काराखिताईंची अर्धवट बातमी युरोपात पोचली आणि तिचा प्रेस्टर जॉन झाला. ११४१ मध्ये समरकंदजवळ कत्वानला काराखिताईंच्या येलू दाशीने सेल्जुक सुलतान संजरचा पराभव केला. चार वर्षांनी सिरियाचा एक बिशप पोपला सांगतो, की पूर्वेच्या ख्रिस्ती पुरोहित-राजाने मुसलमानांना हरवले. येलू दाशी ख्रिस्ती नव्हता, हे सांगणार कोण? ११६५ च्या सुमारास या राजाच्या नावाने एक पत्रच बाहेर पडले: तीन भारतांवर माझे राज्य, माझ्या मुलखात थोमाची कबर, माझ्या नद्यांत रत्ने. पत्र बनावट, पण त्याच्या शंभरावर लॅटिन प्रती उरल्या आहेत. ११७७ मध्ये पोप अलेक्झांडर तिसरे यांनी आपल्या वैद्याच्या हाती राजाला पत्र दिले. वैद्य पुढे कुठे गेला, ते इतिहासाला सापडले नाही. १२२१ मध्ये इजिप्तमध्ये अडकलेल्या क्रुसेडच्या सैन्यात आवई उठली, की ख्रिस्ती राजा दाविद मदतीला येतो आहे. येत होता तो चंगीझखान.

ही भूक पोर्तुगीज मलबारात घेऊन आले. १४९८ मध्ये वास्को द गामाच्या माणसांनी कालिकतजवळच्या देवळात गुडघे टेकले, कारण मुसलमान नाहीत ते ख्रिस्तीच असणार, असा त्यांचा हिशोब होता. भिंतीवरच्या चित्रांतल्या संतांना सुळे आणि चारपाच हात आहेत, हे त्यांच्या रोजनिशीत नोंदले आहे, पण त्यामुळे त्यांचा ग्रह बदलला नाही. गंमत अशी, की खरे ख्रिस्ती भेटल्यावर मात्र पोर्तुगिजांना ते आवडले नाहीत. त्यांचा बिशप मेसोपोटेमियाकडून येत होता, मिस्सा सिरियाकमध्ये म्हटली जात होती, धर्मगुरू लग्न करत होते. १५९९ मध्ये उदयम्पेरूरच्या धर्मपरिषदेनंतर सिरियाक ग्रंथ जाळले गेले. व्यापाऱ्यांच्या चर्चची कागदपत्रे गेली आणि प्रेषिताची कथा उरली. तिला पोर्तुगिजांचाही विरोध नव्हता.

थोमाची कबर तर त्यांना हवीच होती. १५१७ मध्ये आर्मेनियन व्यापाऱ्यांनी (पुन्हा तेच!) दोघा पोर्तुगिजांना मैलापूरला नेऊन जागा दाखवली. १५२३ मध्ये खणल्यावर हाडे, भाल्याचे पाते आणि मातीचे भांडे निघाले. १५४७ मध्ये जवळच्या टेकडीवर दगडी क्रूस सापडला, ज्याच्या कडेने अनोळखी लिपी होती. एका ब्राह्मणाने ती ‘वाचली’ म्हणे, आणि त्यात थोमाचे अख्खे चरित्र निघाले. ब्राह्मणाला बिदागी बरी मिळाली असावी. एकोणिसाव्या शतकात बर्नेल या संशोधकाने ती लिपी पेहलवी असल्याचे ओळखले. वाचनाबद्दल मतभेद आहेत. एका वाचनानुसार त्यात अफ्रास नावाचा माणूस ख्रिस्ताकडे दया मागतो. क्रूस कोरवून घेणाऱ्याचे नाव, बाकी काही नाही. कान्हेरीच्या दात्यांच्या पंगतीत हा अफ्रास सहज बसेल. अशाच पेहलवी अक्षरांचा क्रूस गोव्यात जुवारीकाठी आगशीलाही मिळाला आहे. केरळच्या पलीकडे, आपल्या किनाऱ्यावरही ही इराणी माणसे वावरत होती, हे त्यामुळे हाताला लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आख्यायिकेला प्रेषितही पुरेनासा झाला. निकोलस नोटोविच या रशियन वार्ताहराने १८९४ मध्ये पॅरिसला पुस्तक छापले, की लडाखच्या हेमिस मठात त्याने ‘इस्सा’चे चरित्र ऐकले; येशू तारुण्यात भारतात शिकून गेला. मॅक्स म्युलरने त्याच वर्षी त्यावर कडाडून टीका केली, आणि आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस १८९५ मध्ये हेमिसला जाऊनच आले. तिथल्या लामांनी असा कुणी साहेब आणि असे पुस्तक दोन्ही नाकारले. तरी नोटोविच आजही विमानतळांवरच्या दुकानांत विकला जातो. मराठीतही या पंगतीत एक पान आहे. १९४६ मध्ये निघालेल्या ‘ख्रिस्तपरिचय’ या पुस्तकात बाबाराव सावरकरांनी येशूला तमिळ ब्राह्मण ठरवले आणि त्याचा शेवट हिमालयाकडे नेला. केरळला रोमच्या बरोबरीचे व्हायचे होते, बाबारावांना रोमच आपल्या घरात घ्यायचे होते.

श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यातला रोजाबल मात्र जरा थांबून पाहावा असा आहे. तिथे युझ आसफ या परदेशी राजपुत्र-पैगंबराची कबर असल्याचे अठराव्या शतकातला काश्मिरी इतिहासकार दीदामरी सांगतो. १८९९ मध्ये अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी हा युझ आसफ म्हणजे क्रूसावरून वाचून इथवर आलेला येशू, असे मांडले. आता नावाकडे बघा. बोधिसत्त्वाचे फारसीकडून अरबीत ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत ‘ब’ला खाली एक टिंब आणि ‘य’ला दोन. एक टिंब वाढले आणि बूदासफचा यूदासफ, पुढे युझासफ झाला. राजपुत्राने महाल सोडला, आजारी, म्हातारा, मृत्यू पाहिला, संन्यास घेतला, ही त्याची कथा. तीच जॉर्जियनमधून ग्रीकमध्ये आणि तिथून लॅटिनमध्ये गेली, आणि राजपुत्र ‘संत जोसाफात’ होऊन रोमच्या संतयादीत २७ नोव्हेंबरला बसला. भारतात त्याला बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव बर्लाम. म्हणजे बुद्ध पश्चिमेला जाऊन ख्रिस्ती संत झाला, आणि त्याच्याच नावाच्या काश्मिरातल्या थडग्यात लोकांना ख्रिस्त दिसला. या अरबी कथेची एक आवृत्ती १८८८-८९ मध्ये मुंबईतच शिळाछापावर निघाली होती.

आणि हे साम्य फार आधी कुणाच्या नजरेत भरले? गोव्यात राहणाऱ्या दियोगो दो कौतो या पोर्तुगीज बखरकाराच्या. कान्हेरीची लेणी एका राजाने आपल्या मुलासाठी बांधली, जगातले दुःख त्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून, असे साष्टीतल्या लोकांनी त्याला सांगितले. कौतोला संत जोसाफात आठवला आणि त्याने तसे लिहून ठेवले. कुणी कुणाचे घेतले, हे मात्र तो उलटे समजला. कान्हेरीच्या दात्यांना इथेही कुणी विचारले नाही.

जपानची कथा फार वेळ घेण्यासारखी नाही. उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातल्या शिंगो गावात येशूची कबर दाखवतात. क्रूसावर मेला तो भाऊ इसुकिरी. येशू स्वतः इथे येऊन शेती करत १०६ वर्षांचा होऊन वारला. १९३५ मध्ये ताकेउची घराण्याच्या ‘प्राचीन’ कागदांतून हे निघाले. गावकरी ख्रिस्ती नाहीत. ते जूनमध्ये कबरीभोवती नाचतात, पाहुण्यांना लसूण विकतात आणि बाकी फार विचार करत नाहीत. निदान इथे व्यापार उघड आहे.

शेवटी ठाण्याला जायचे ते एका भांडणासाठी. १३२१ मध्ये होर्मुझहून निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाण्याला उतरले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफलिसचा दुभाष्या देमेत्रियस. ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची वस्ती होती. त्यांच्यातल्याच एका घरात हे उतरले. त्या घरात नवराबायकोचे भांडण जुंपले, नवऱ्याने बायकोला मारले. ती दाद मागायला काझीकडे गेली. साक्षीदार कोण? म्हणून पाहुण्यांना बोलावणे आले. विचारपूस धर्मावर गेली, वाद पेटला आणि एप्रिलमध्ये चौघांचाही जीव गेला. बरोबर आलेला जोर्डानुस नावाचा डॉमिनिकन भडोचच्या वाटेवर होता. त्याने परत येऊन सोपाऱ्याला त्यांना पुरले. पुढे तोच कोल्लमचा पहिला लॅटिन बिशप झाला. त्या नवराबायकोची नावे मात्र कुणी लिहिली नाहीत. कोकणातल्या त्या जुन्या इराणी ख्रिस्ती समाजाचे एवढे एकच घर आपल्याला आतून दिसते, आणि तेही मारझोडीच्या दिवशी.

थोड्याच काळाने पोर्देनोनेचा ओदोरिक आला. त्याने त्या मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कनांची हाडे उकरली, कापडात बांधली आणि जहाजावर चढला. वाटेत वारा पडला. हिंदूंनी नवस केले, मुसलमानांनी दुआ मागितली, काही होईना. तेव्हा ओदोरिकने नोकराकडून गुपचूप एक हाड समुद्रात टाकले. वारा सुटला, असे तो लिहितो. उरलेली हाडे त्याने चीनच्या झैतून बंदरातल्या मठात नेऊन ठेवली.